शॉकअपचे काम : सीलआधी पाईप पाहा

कल्याण-शीळ रस्त्याचे खड्डे आणि पावसाळ्यातला चिखल सोसलेल्या मोटरसायकली मुंब्रा, राबोडी, दूधनाक्याच्या कारागीर बंधूंना नव्या नाहीत. पुढच्या शॉकअपमधून तेल गळते म्हणून गिऱ्हाईक येते, सील बदलले जाते आणि महिन्याभरात तेच गिऱ्हाईक पुन्हा दारात उभे! अशा वेळी दोष पुष्कळदा सीलचा नसून पाईपचा असतो.

वरचे झाकण स्प्रिंगच्या दाबाखाली असते, म्हणून तोंड बाजूला ठेवून ते सावकाश खोलावे. पाईप पुसून त्यावर नख फिरवावे. सील जिथे सरकते तिथे नख अडकेल असा गंजाचा खड्डा असला, तर नवे सीलही फाटणारच. तिथे पॉलिश पेपर घासून काही होत नाही. पाईप हार्डक्रोम व ग्राइंड करून घ्यावा, नाहीतर बदलावा. वाकला आहे का, ते सपाट काचेवर लोटून पाहावे.

सीलच्या ओठाला तेल लावूनच ते बसवावे. दोन्ही बाजूंना कंपनीने दिलेल्या मापाचे फोर्क ऑइल मोजून भरावे. उरलेसुरले इंजिन ऑइल ओतण्याची पद्धत आम्हाला पसंत नाही. मागच्या गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाने भरलेला असतो. तो घरी कापू नये, तापवू तर मुळीच नये.

खराब पाईप गिऱ्हाइकाच्या हातात देऊन दोन्ही दर आधीच सांगावेत : नुसत्या सीलचा आणि पाईपसकट. त्याने स्वस्त काम निवडले, तर गळतीची हमी नाही असे बिलावर लिहून द्यावे.