ट्रॅक्टरच्या हेडलाईटमधील ओल : कारणे व उपाय



कोल्हापूर जिल्ह्यात ऊस गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये सुरू होतो. तोडणी दिवसा आणि बरीचशी वाहतूक रात्री, असा आपला शिरस्ता आहे. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पहाटे तीनला कारखान्याच्या रस्त्याला लागतो, तेव्हा पुढचा खड्डा, रस्त्याकडेला उभी असलेली बैलगाडी किंवा पायी चाललेला माणूस चालकाला दाखविण्याचे काम फक्त हेडलाईट करते. आणि पावसाळा संपता संपता याच हेडलाईटच्या काचेवर आतून धुके धरलेले पुष्कळ ट्रॅक्टरवर दिसते. इंजिन, हायड्रॉलिक, टायर यांची तपासणी हंगामापूर्वी आवर्जून होते. दिवा 'पेटतो ना' एवढे पाहून सोडून दिला जातो.

काचेवरील बारीक थेंब प्रकाश सरळ जाऊ देत नाहीत, तो सगळीकडे विखुरतात. त्यामुळे आपल्याला पुढचे कमी दिसते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. कमी दिसते म्हणून चालक वरचा झोत लावतो व त्रास आणखी वाढतो. याहून धोक्याची गोष्ट पुढे घडते. ओल होल्डरपर्यंत पोचली की पितळी टोकांवर हिरवट गंज चढतो आणि एका बाजूचा दिवा जातो. एक दिव्याचा ट्रॅक्टर समोरच्याला अंधारात मोटारसायकलसारखा भासतो. तो त्याच अंदाजाने बाजू देतो आणि उसाने भरलेल्या ट्रॉलीची रुंदी त्याच्या लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

ओल येते कोठून?

पहाटे पिकावर दव पडते तोच हा प्रकार आहे. हवा जितकी उष्ण तितकी ती जास्त बाष्प धरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे ३० ग्रॅम बाष्प धरू शकते, २० अंशाला सुमारे १७ ग्रॅम आणि १५ अंशाला १३ ग्रॅमच्या आत. दिवसा दमट हवा दिव्यात शिरते, रात्री काच गार पडते आणि जास्तीचे बाष्प काचेवर पाणी होऊन बसते. नीट न वाळवलेले धान्य पत्र्याच्या कोठीत भरले तर झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात, तेही याच कारणाने.

हेडलाईट पूर्ण हवाबंद नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बल्ब लावला की आतली हवा तापून फुगते. २५ अंशांवरून ७५ अंशांपर्यंत तापली तर ती सुमारे एक षष्ठांशाने वाढते. तीन लिटरच्या दिव्यातून अशी जवळजवळ अर्धा लिटर हवा बाहेर जाते व दिवा निवला की तेवढीच परत आत ओढली जाते. या श्वासासाठी मागच्या बाजूला बारीक नळी किंवा छिद्र ठेवलेले असते. ते चिखलाने बुजले, तर दिवा भेगेतून श्वास घेतो, आणि भेगेवर त्या वेळी पाणी असेल तर पाणीच आत ओढतो. तापलेल्या दिव्यावर अचानक पाऊस येणे किंवा वॉशिंग सेंटरवर जोराच्या फवाऱ्याने ट्रॅक्टर धुणे यामुळे नेमके हेच होते.

आधी निदान करावे

पाच लिटर दमट हवेतून रात्रीत जे पाणी सुटते ते एका थेंबाहून फारसे जास्त भरत नाही. म्हणून काचेवर नुसते धुके असेल आणि दिवा वीस मिनिटे लावल्यावर ते जात असेल, तर काळजीचे कारण नाही; मागचे छिद्र साफ करावे, पुरे. परंतु ओघळ दिसत असतील, तळाशी पाणी साचत असेल किंवा धुके वाळवूनही पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते हवेतले पाणी नव्हे. कोठून तरी गळती आहे. ती न शोधता दिवा वाळवणे म्हणजे बांध फुटलेल्या वाफ्याला पाणी देत बसणे होय. एल.ई.डी. दिव्यांची काच पूर्वीच्या ६० वॅट हॅलोजनएवढी तापत नाही, त्यामुळे त्यातील धुके जायला जास्त वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीची पद्धत

दिवा बंद करून बल्ब निवू द्यावा. मागची रबरी टोपी काढावी व बल्ब बाहेर घ्यावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल लागलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. शक्य तर पूर्ण दिवा सोडवून, साचलेले पाणी ओतून, तो उन्हात भोक खाली करून दिवसभर ठेवावा. घाई असेल तर केस वाळविण्याचे यंत्र लांबून, मंद फिरवावे. गॅसची ज्योत दाखवू नये, प्लास्टिकची काच वितळून वाकडी होते. आतला चकचकीत भाग फडक्याने पुसण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. त्यावरील ॲल्युमिनियमचा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ असतो. एकदा निघाला की परत बसत नाही.

पूर्ण वाळल्यावर आत कोरा वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून टोपी घट्ट बसवावी आणि सांध्यांवरून बारीक धारेने, एकेका बाजूने पाणी सोडावे. ज्या बाजूला कागद भिजेल तेथे गळती. रबरी टोपी कडक झाली असेल किंवा तिला चिरा असतील, तर नवीनच घालावी. बऱ्याच वेळा एवढ्यावरच काम भागते. जुन्या गोल दिव्यात कडीखालचे रबरी पॅकिंग बदलावे. काच व मागचा भाग यांचा सांधा सुटला असेल, तर जुना मसाला खरवडून, जागा कोरडी करून सिलिकॉन भरावे आणि चोवीस तास पाणी लागू देऊ नये. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन घेऊ नये, कारण त्याच्या वाफेने आतील धातू खराब होतो. 'न्यूट्रल' असे लिहिलेली नळी मागावी.

श्वासाचे छिद्र मात्र चुकूनही बुजवू नये. पाणी निघावे म्हणून काही कारागीर दिव्याला तळाशी भोक पाडून देतात. पाणी निघते हे खरे, पण त्याच भोकातून उसाच्या पाचटाची धूळ आत जाते व दोन हंगामांत दिवा आंधळा होतो. ओल शोषण्यासाठी मीठ ठेवण्याचा सल्लाही ऐकू नये. सिलिका जेलची पुडी वाळवताना एक-दोन दिवस ठेवता येते, नंतर काढावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन संपले असे समजावे. हे दाणे विषारी असतात, मुलांपासून व धान्यापासून दूर ठेवावेत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचा पूर पाहिलेल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको : गढूळ पाण्यात बुडालेल्या दिव्याच्या आत गाळाचा थर बसतो व चकाकी जाते. असा दिवा वाळवण्यात वेळ घालवू नये, बदलावा. होल्डर व वायरची टोके मात्र साफ करून वापरता येतात.

दिवा काढण्यापूर्वी एक गोष्ट करावी. सपाट जागेवर भिंतीपासून काही अंतरावर ट्रॅक्टर उभा करून खालचा झोत लावावा आणि झोताची वरची कड भिंतीवर खडूने आखावी. चाके उभी होती तेथे जमिनीवरही खूण करावी. दुरुस्तीनंतर ट्रॅक्टर त्याच खुणेवर आणून, झोत खडूच्या रेषेवर येईपर्यंत दिव्याचे स्क्रू फिरवावेत व मगच आवळावेत.