खडकीच्या कबरी आणि आपली नोव्हेंबरची यादी



नोव्हेंबर आला की आपण घरच्या मृतांची नावे मिस्सेसाठी लिहून देतो. मागे एकदा आम्ही या प्रार्थनेत पुण्याजवळच्या खडकी येथे पुरलेल्या वैमानिकांचीही आठवण केली. मिस्सेनंतर एका काकांनी विचारले, "फादर, ते तर इंग्रजांचे सैनिक. त्यांच्यासाठी आपण का प्रार्थना करायची?" प्रश्न रास्त आहे.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ जण विसावले आहेत. पश्चिम व मध्य भारतात ज्या ठिकाणी कबरींच्या कायम देखभालीची खात्री नव्हती, तेथून त्यांना इथे आणले गेले. त्यांत हवाई दलाचे लोकही आहेत. रणभूमी इथून दूर, ब्रह्मदेशाच्या बाजूला होती. पण हवाई दलाचे तळ आपल्याजवळ सांताक्रूझलासुद्धा होते. लढाई नसली तरी अपघात आणि आजार होतेच. विमान कोसळले की पायलट, नॅव्हिगेटर, गनर सगळे एकदम जात. अवशेष वेगळे करता आले नाहीत तर त्यांना एकाच कबरीत ठेवतात व शिळा एकमेकींना चिकटून उभ्या करतात. १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाची ही पद्धत. अधिकारी असो वा साधा शिपाई, शिळा सारखीच. मृतदेह मायदेशी नेण्याची मुभा नव्हती. शिळेच्या पायथ्याशी एखादी ओळ कोरून घेणे एवढेच घरच्यांच्या हाती होते.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. मक्काबीच्या दुसऱ्या पुस्तकाचा बारावा अध्याय घरी जरूर वाचा. यहूदा मक्काबी आपले पडलेले सैनिक उचलायला गेला, तेव्हा त्यांच्या अंगरख्यांखाली नियमशास्त्राने निषिद्ध ठरवलेले ताईत सापडले. म्हणजे ते निर्दोष नव्हते. तरीही यहूदाने वर्गणी काढली आणि सुमारे २,००० चांदीची नाणी पापार्पणासाठी यरुशलेमला पाठवली. मृतांसाठी प्रार्थना म्हणजे त्यांना दिलेले प्रशस्तिपत्र नव्हे, हे इथे स्पष्ट दिसते. एखाद्याची बाजू घेणे वेगळे, त्याला देवाच्या दयेवर सोपवणे वेगळे. (सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हा भेद उमगायला आम्हांला बराच वेळ लागला, काकांना तो दोन मिनिटांत पटला.) साम्राज्याचा हिशेब इतिहासाने जरूर करावा. आणि विमानांतून पडलेल्या बॉम्बखाली जे गेले, त्यांचीही आठवण त्याच मिस्सेत करावी.

संत मोनिका इ. स. ३८७ मध्ये घरापासून दूर, ऑस्तिया बंदरात वारली. माझा देह कुठेही पुरा, फक्त प्रभूच्या वेदीजवळ माझी आठवण ठेवा, असे तिने मुलांना सांगितल्याचे संत अगस्तीन लिहितो. मुंबईच्या अनेक दफनभूमींत जागेअभावी कबर काही वर्षांनी पुन्हा उघडावी लागते, तेव्हा हे शब्द आपल्याही कामाचे आहेत. काहींना तर कबरच नाही. समुद्रात विमानासह नाहीसे झालेल्या कित्येक वैमानिकांची नावे सिंगापूरच्या क्रांजी येथील स्मारकावर आहेत. बोट गेली पण माणूस परत आला नाही, असे दुःख ज्या घराने सोसले आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

यंदा यादी भरताना आपल्या आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या नावांखाली एक ओळ मोकळी सोडा. ज्यांचे कोणीच इथवर येऊ शकत नाही, ते त्या ओळीत.