पाण्याला वाट ठेव

गणू, उद्यापासून बंगल्याच्या किल्ल्या तुझ्या कमरेला. माझ्या हातात चाळीस पावसाळे होत्या. तेव्हा दोन गोष्टी कानात घालतो.

आधी घर ओळख. 1829 साली गव्हर्नर माल्कमनं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार केला, महाबळेश्वरचा डोंगर घेतला आणि गोऱ्यांनी उन्हाळ्यापुरते बंगले उठवले. दगड इथलाच, जांभा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, तासावा तसा तासला जातो. वाऱ्यावर राहिला की टणक होतो. पण अंगभर छिद्रं. पाणी पिणारच. इथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. त्याला अडवणारा तू कोण? आलेलं पाणी परत जाईल, एवढंच बघायचं.

म्हणून भिंतीला सिमेंट लावू नकोस. एका मालकांनी हौसेनं पश्चिमेची भिंत सिमेंटनं गुळगुळीत केली. तिसऱ्या पावसाळ्यात गिलाव्याला फुगे आले, खपली हातानं ओढली तर मागचा चिरा भाकरीच्या पिठासारखा झडला. ओल आत कोंडली होती. दर्ज भरायची तर चुन्यानंच: भिजवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. दर्ज दगडापेक्षा मऊ हवी, झिजायची तर तिनं झिजावं.

कौलं मे महिन्यात शाकारून घे. एखादं उलटं करून बघ, कारखान्याचा छाप दिसेल. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो 1865 साली. म्हणजे बंगला त्याआधीचा असेल तर हे छप्पर नंतर चढलेलं आहे. साहेबलोक विचारतात, तेव्हा सांगता येतं. कौलावर पाय ठेवायचा तो खाली वासा असेल तिथंच. पन्हळीतला पालापाचोळा काढल्याशिवाय खाली उतरू नकोस.

पावसाच्या तोंडाच्या भिंतींना गवताच्या झडपा बांध. दिसायला बंगला झोपडीसारखा दिसतो, दिसू दे. दसऱ्याच्या सुमाराला सोड, उशीर केलास तर आत बुरशी धरते.

पिंपळाचं रोप दोन पानांचं असतानाच उपट. मोठं झालं तर ओढू नकोस, मुळासकट चिरा येईल. बुंधा काप आणि मूळ मारत राहा.

पाऊस थांबला की शेगडीत रोज तासभर थोडा जाळ कर. त्याआधी धुराडं तपास, आत पाखरांचं घरटं असतं. खिडक्या दुपारी उघडायच्या, दिवेलागणीला धुकं उतरायच्या आधी लावायच्या.

आणि हो, मोठा पाऊस लागला की हातात कंदील घेऊन एकदा आतून फिर. भिंतीला तळहात लाव. गार लागली तर काळजी नाही, चिकट लागली तर पन्हळ तुंबली आहे. छत्री घे आणि बाहेर ये.