निर्वासित, न्याय आणि नशीब



हेरोदाच्या भयाने योसेफ आणि मरिया बाळ येशूला घेऊन रातोरात इजिप्तला गेले, हे आपण दर नाताळच्या काळात ऐकतो. तिथे त्यांच्याकडे कुणी पुरावा मागितल्याचे शुभवर्तमानात लिहिलेले नाही. आजच्या निर्वासिताला मात्र आपण जीव वाचवण्यासाठीच पळालो आहोत, हे सिद्ध करावे लागते. तो निर्णय कसा होतो आणि त्याला किती काळ लागतो, यावर विद्यापीठांतून बराच अभ्यास झाला आहे. त्यांतील दोन अभ्यासांची आज ओळख करून घेऊ या.

प्रथम, निर्वासित म्हणजे कोण? १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होईल अशी सकारण भीती असलेला आणि म्हणून आपल्या देशाबाहेर असलेला माणूस म्हणजे निर्वासित. त्याच्या जिवाला जिथे धोका आहे तिथे त्याला परत लोटू नये, हा या कराराचा कणा आहे. व्हॅटिकनने हा करार स्वीकारला आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही आणि आपल्याकडे आश्रयासाठी स्वतंत्र कायदाही नाही. केवळ चांगल्या रोजगारासाठी आलेला माणूस या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे अर्जांची तपासणी झालीच पाहिजे. मात्र ती न्याय्य हवी.

पहिला अभ्यास अमेरिकेतला आहे. जया रामजी-नोगालेस, अँड्र्यू शोनहोल्ट्झ आणि फिलिप श्राग या कायद्याच्या तीन प्राध्यापकांनी २००७ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी तिथल्या इमिग्रेशन न्यायाधीशांचे सुमारे १ लाख ४० हजार निकाल तपासले. मायामीच्या एकाच न्यायालयात कोलंबियाहून आलेल्या अर्जदारांपैकी एका न्यायाधीशाने ५ टक्के लोकांना आश्रय दिला होता, तर दुसऱ्याने ८८ टक्के लोकांना. देश तोच, कायदाही तोच. फक्त दालन वेगळे. वकील असलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना आश्रय मिळाला, वकील नसलेल्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांनाच. वकील भक्कम प्रकरणे निवडून घेतात, हेही यामागचे एक कारण असू शकेल. तरी परक्या भाषेत, परक्या कायद्यापुढे एकट्याने उभे राहणे किती कठीण आहे, हे आपणही समजू शकतो.

ज्याचे त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. निकाल जर दालनावर ठरत असेल, तर त्याला न्याय म्हणायचे की सोडत? म्हणूनच या प्राध्यापकांनी न्यायाधीशांची काटेकोर निवड, अधिक प्रशिक्षण आणि अर्जदाराला वकिलाची मदत अशा सुधारणा सुचवल्या.

दुसरा अभ्यास स्वित्झर्लंडमधला, २०१६ सालचा. येन्स हाइनम्युलर, डॉमिनिक हांगार्टनर आणि डंकन लॉरेन्स यांनी निकालाची वाट पाहण्याचा परिणाम मोजला. प्रतीक्षेचे एक वर्ष वाढले, की पुढे काम मिळण्याचे प्रमाण ४ ते ५ टक्क्यांच्या अंकांनी घटते, असे त्यांना आढळले. वर्षानुवर्षे रिकामे बसलेल्या माणसाची उमेद खचते. म्हणजे निकाल शेवटी बाजूने लागला, तरी उशिराची किंमत त्याला मोजावी लागतेच, आणि त्याला आधार देणाऱ्या समाजालाही.

त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या मतदारांनी आश्रय कायद्यातील सुधारणेला कौल दिला. १ मार्च २०१९ पासून ती लागू झाली. बहुतेक अर्जांचा निकाल १४० दिवसांत लागावा, हा तिचा उद्देश आहे. त्याचबरोबर अर्जदाराला सुरुवातीपासून मोफत कायदेशीर मदत मिळते. या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, हे महत्त्वाचे. मदतीशिवाय नुसती घाई केली, तर खरा पीडितही घाईघाईने परत पाठवला जाईल. उलट मदत असून निकालच लागला नाही, तर आयुष्य टांगणीला लागते.

किती लोकांना सामावून घ्यावे, हे संशोधन ठरवू शकत नाही. तो विवेकाचा प्रश्न आहे. संपन्न राष्ट्रांनी आपल्या शक्तीप्रमाणे परक्यांना आश्रय द्यावा आणि आलेल्यांनी त्या देशाचे कायदे पाळावेत, अशी दुहेरी शिकवण ख्रिस्तसभेची धर्मशिक्षिका देते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या संदेशात स्वागत, संरक्षण, संवर्धन आणि समावेश अशा चार पायऱ्या सांगितल्या. आपण बहुधा पहिल्या पायरीवरच थांबतो. दार उघडायला दया पुरते. पण आत आलेल्याचे म्हणणे नीट आणि वेळेत ऐकून घ्यायला न्याय लागतो.

छोट्या ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी:

१. एकाच कायद्याखाली दोन माणसांना वेगवेगळा न्याय मिळाल्याचे आपण कुठे पाहिले आहे?

२. सरकारी कचेरीत कागदांसाठी हेलपाटे घालणाऱ्या परगावच्या कुटुंबाला आपण कोणती नेमकी मदत करू शकतो?