घरच्याच माणसाने गाडी नेली तर? विमा आणि पोलीस यांचा हिशेब



दुकानाच्या गल्ल्याची किल्ली कुणाच्या हाती द्यायची, याचा आपण दहा वेळा विचार करतो. गाडीची किल्ली मात्र दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते. पुतण्या येतो, घेऊन जातो. मेव्हणा येतो, घेऊन जातो. विचारण्याची रीत नाही, कारण माणूस आपलाच. ज्या घरातला कर्ता कुवेत किंवा दुबईला आहे, तिथे तर गाडी अंगणात उभी आणि चालवणारे चार. सर्व सुरळीत आहे तोवर कुणाचे काही बिघडत नाही. पण एखाद्या दिवशी गाडी परत येत नाही, तेव्हा आपल्याला ना पोलीस ठाण्यात काय सांगावे ते सुचते, ना विमा कंपनीला काय लिहावे ते.

हा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. काही वर्षांपूर्वी माझी कापडाची व्हॅन संध्याकाळी अंगणातून गेली. भाचा नेहमी तीच गाडी घेऊन चिपळूणहून माल आणत असे, त्यामुळे दुसरी किल्ली त्याच्याकडेच होती. त्या दिवशी मात्र मी त्याला पाठवले नव्हते. रात्रभर फोन बंद. सकाळी ओटीवर माणसे जमली आणि सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, "घरची गोष्ट आहे, आठ दिवस थांबा." दुसरा म्हणाला, "अज्ञात चोराने नेली असे लिहून द्या, म्हणजे पोरगाही वाचेल आणि विम्याचे पैसेही मिळतील." बहीण तर रडतच होती.

हे दोन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले होते आणि दोन्ही चुकीचे होते. ते का, हाच आजचा धडा आहे.

एका कृतीची तीन नावे

आपल्या माणसाने गाडी नेली, एवढ्यावरून कायदा काही ठरवत नाही. तो विचारतो, परवानगी होती का आणि नेणाऱ्याचा इरादा काय होता?

पहिला प्रकार म्हणजे परवानगी होती, किंवा रोजच्या वहिवाटीवरून ती आहे असे नेणाऱ्याने मानले. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९७ प्रमाणे मालकाच्या संमतीशिवाय वाहन नेणे हा गुन्हा आहे. पण त्याच कलमात एक सवलत आहे. 'मालकाला विचारले असते तर त्याने हो म्हटले असते' असे नेणाऱ्याला वाजवीपणे वाटले असेल, तर त्याला दोषी धरता येत नाही. आपली खिळ्यावरची किल्ली नेमकी इथेच येते. वर्षभर कुणी नेली तरी आपण बोललो नाही, तर एके दिवशी अचानक 'परवानगी नव्हती' हे पटवून देणे कठीण जाते.

दुसरा प्रकार चोरीचा. बदनीयतीने, संमतीशिवाय, आपल्या ताब्यातून वस्तू हलवणे ही चोरी. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ३७८ व ३७९ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आहे. नातेवाइकाला यात माफी नाही. 'परत आणून देणारच होतो' हेही उत्तर पुरत नाही. १९५२ साली जोधपूरच्या हवाई दल अकादमीतील मेहरा नावाच्या प्रशिक्षणार्थीने परवानगीशिवाय विमान उडवून पाकिस्तानात उतरवले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती चोरीच ठरवली. वस्तू थोड्या काळापुरती नेली तरी, इरादा वाईट असेल तर, चोरी होते हे त्या निकालाने स्पष्ट केले. दुकानातल्या नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरली तर कलम ३०६ लागते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

तिसरा प्रकार अमानतीत खयानत. आपण होऊन गाडी विश्वासाने सोपवली आणि त्याने ती विकली, गहाण टाकली किंवा परत करण्यास नकार दिला, तर हा फौजदारी विश्वासघात आहे. आता त्याचे कलम ३१६, पूर्वीचे ४०५ व ४०६.

विमा कंपनी काय पाहते?

सर्वांत आधी आपली पॉलिसी कोणती ते पाहा. पुष्कळ लोक स्वस्त पडते म्हणून फक्त थर्ड पार्टी विमा घेतात. तो रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या नुकसानीसाठी असतो. गाडी चोरीस गेली तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. चोरीचे संरक्षण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग घेतलेला असेल तरच मिळते.

त्या भागात आग, पूर, दरड, अपघात, घरफोडी, चोरी अशा जोखमी नावानिशी लिहिलेल्या असतात. विश्वासघात हा शब्द त्या यादीत नसतो. म्हणून भावाच्या हवाली केलेली गाडी भावाने विकली, तर कंपनी 'ही चोरी नाही, आपसातला व्यवहार आहे' अशी हरकत घेते. पहिल्या दिवशीच्या तक्रारीत आपण कोणता प्रसंग लिहिला, यावर पुढचा सारा क्लेम उभा राहतो, तो यासाठी.

याच पॉलिसीत आणखी एक अट असते, जी फार थोडे लोक वाचतात. चोरी झाल्यास ताबडतोब पोलिसांना कळवावे आणि गुन्हेगाराला शिक्षा होण्यासाठी कंपनीला सहकार्य करावे. याचा अर्थ नीट समजून घ्या. चोरीचा क्लेम मागायचा आणि मागच्या दाराने भाच्याला सोडवायचे, असे दोन्ही जमत नाही. पैसे हवेत की माणूस, हा सवाल त्या एका अटीत दडलेला आहे.

गाडी सापडली पण ठोकलेली असेल, तर हिशेब वेगळा. चालवणाऱ्याकडे योग्य परवाना असेल, तर आपल्या परवानगीने चालवणारा कुणीही पॉलिसीत बसतो. परवाना नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीवर पाणी सोडावे लागते. दुसऱ्या कुणाला इजा झाली असेल, तर कंपनी त्याला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मागणी करते. मात्र स्वर्णसिंग खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मालकाने वाजवी काळजी घेतली नाही हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. किल्ली कुलपात होती की खिळ्यावर, हा प्रश्न तिथेही येतोच.

अल्पवयीन मुलाबाबत तर २०१९ च्या दुरुस्तीने कायदा फार कडक केला. कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण रोखण्याची पुरती काळजी घेतली होती, हे मालकाला दाखवावे लागते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हातातील मोटारीने दोघांचा बळी घेतला, तेव्हा मुलाच्या वडिलांनाही अटक झाली, हे सर्वांनी पाहिले आहे.

पहिल्या दिवशी काय करावे?

१) थांबू नका. आठ दिवसांनी दिलेली तक्रार पोलिसांनाही संशयास्पद वाटते आणि कंपनीलाही. कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा व पोच ठेवा. पोलिसांत वेळेवर फिर्याद दिली असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असा गुरशिंदर सिंग खटल्याचा २०२० चा निकाल आहे. पण त्या भरवशावर राहू नका.

२) जे घडले तेच लिहा. कुणावर संशय आहे, किल्ली कुणाकडे होती, पूर्वी तो गाडी नेत होता का, या वेळी परवानगी होती का, हे सर्व लिहा. विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक किल्ली भाच्याकडे असताना 'अज्ञात चोर' लिहिले, तर खोटे तिथेच उघडे पडते. मग क्लेम जातो आणि खोटी माहिती दिल्याचा गुन्हा (न्याय संहिता, कलम २१७) आपल्याच अंगावर येतो.

३) ठाण्यात 'घरचे भांडण आहे, आपसात मिटवा' असे ऐकायला मिळेल. ललिता कुमारी खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक केली, पण कौटुंबिक व व्यापारी वादात आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. म्हणून वाद न घालता लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. गुन्हा नोंदवला तर प्रत विनामूल्य मिळते. नोंद करण्यास नकार मिळाल्यास अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येतो, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

४) गाडी सापडली नाही तर पोलीस न्यायालयात 'अ' समरी अहवाल देतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. हा कागद क्लेमसाठी लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेलाही कळवा आणि हप्ते बंद करू नका.

५) क्लेम चुकीने नाकारला तर विमा लोकपाल किंवा रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची.

माझ्या व्हॅनचे काय झाले?

मी ठाण्यात जाऊन खरे तेच लिहून दिले. भाचा गाडी नेत असे, किल्ली त्याच्याकडे असे, या वेळी मी पाठवले नव्हते, फोन लागत नाही. चोरी हा शब्द मी लिहिला नाही, कारण तसे माझे मन सांगत नव्हते. धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीवरच्या माणसाने गाडी पाहिली होती. तिसऱ्या दिवशी व्हॅन चिपळूणजवळ सापडली, पुढचा भाग ठोकलेला. भाचा भीतीने मित्राकडे लपला होता. त्याच्याकडे परवाना होता, म्हणून कंपनीने अपघाताचा क्लेम मंजूर केला. नो क्लेम बोनस मात्र गेला. मी 'अज्ञात चोर' लिहिले असते, तर सापडलेल्या गाडीसोबत माझे खोटेही सापडले असते आणि भाचा चोर म्हणून कोर्टात उभा राहिला असता.

आता माझ्याकडे दुसरी किल्ली तिजोरीत असते. गाडी कोण चालवणार त्याचे नाव, परवान्याची प्रत आणि माझी सही असलेला एक कागद फायलीत आहे. नेताना वहीत वेळ लिहायची, आणल्यावर पुन्हा लिहायची. आखातात असणाऱ्या बंधूंनीही जाण्यापूर्वी असाच कागद करून एकाच जबाबदार माणसाकडे गाडी सोपवावी, कारण आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, कायदा त्यालाच मालक धरतो.

भाच्याला सुरुवातीला या वहीचा राग आला. "मामू, माझ्यावर विश्वास नाही का?" असे त्याने विचारले. मी म्हटले, "विश्वास आहे, म्हणूनच तर लिहून ठेवतो. उद्या काही झाले, तर ही वहीच तुझ्या बाजूने बोलेल." आता तो स्वतःच आठवणीने वेळ लिहितो.