चॅनेल उशिरा, रिव्हर्ब गायब

गिटारच्या ॲम्पची एक तक्रार पुष्कळदा जोडीने येते. फूटस्विच दाबला तरी क्लीनवरून ओव्हरड्राइव्हवर जायला क्षणभर उशीर होतो, आणि त्याच सुमारास रिव्हर्ब मंदावतो, नाहीतर येतो-जातो. आपण लगेच दोन रोग मोजतो आणि दोन औषधं आणतो: प्रीॲम्पसाठी नव्या ट्यूब आणि रिव्हर्बसाठी नवा टँक. दोन्ही बसवूनही ॲम्प होता तसाच राहतो. अशा खर्च करणाऱ्यांच्या रांगेत मीही आहे. ती कहाणी उगाळत नाही, तिच्यातून पटलेलं एकच सांगतो. चॅनेल आणि रिव्हर्ब एकाच वेळी रुसले असतील, तर दोघांचं जे सामाईक आहे ते आधी तपासावं. ते सोडून ट्यूबच्या मागे लागणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सामाईक काय आहे, हे ॲम्पच्या रचनेतूनच कळतं. ट्यूब ॲम्पमध्ये गिटारचा आवाज वाढवण्याचं काम काही शे व्होल्टवर चालतं. पण चॅनेल बदलणाऱ्या कित्येक कॉम्बो ॲम्पमध्ये चॅनेल बदलणं, रिव्हर्बच्या टँकमधल्या स्प्रिंगांना सिग्नल देणं आणि तिथून परत आलेला अगदी क्षीण सिग्नल उचलणं ही कामं रिले आणि ऑप-ॲम्प करतात, आणि त्यांना अधिक-उणे 15 व्होल्टच्या आसपासचा वेगळा छोटा सप्लाय लागतो. हा सप्लाय तयार करताना जास्तीचे व्होल्ट 5 वॉटच्या रेझिस्टरमध्ये जिरवतात आणि झेनर डायोडने पातळी धरून ठेवतात. रेझिस्टर वाजवताना तापतो, बंद केल्यावर निवतो. या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने त्याच्या पायाभोवतीचं सोल्डर कधीतरी गोलाकार तडकतं. दुरुस्तीच्या दुकानांत याला ड्राय सोल्डर म्हणतात. तडकलेला सांधा कधी जोडलेला असतो, कधी नसतो, म्हणून रिले कधी वेळेवर चिकटतो, कधी रेंगाळतो, आणि रिव्हर्बही त्याच लहरीने वागतो. जुना झालेला फिल्टर कॅपॅसिटरही असाच छळतो, फक्त त्याच्यासोबत बहुधा गुणगुण वाढते. गंमत अशी, की गिटारचा मूळ आवाज मोठ्या व्होल्टवरच्या ट्यूबमधून जात असल्यामुळे तो ठणठणीत राहतो, आणि नेमका त्यामुळेच सप्लायवर कोणाचा संशय जात नाही. ॲम्प थंड असताना सगळं ठीक आणि अर्ध्या तासाने तक्रार सुरू, किंवा कॅबिनेटवर थाप मारली की सुधारणा, असं असेल तर माझा कौल ड्राय सोल्डरलाच.

पण सप्लायच्याही आधी फूटस्विच. तो तपासायला पैसा लागत नाही आणि ॲम्प उघडावाही लागत नाही. फूटस्विच काढून ठेवा आणि ॲम्पच्या पॅनेलवरच्या बटणाने चॅनेल बदलून बघा. बटणाने झटकन बदलत असेल तर दोष स्विच, केबल किंवा जॅकमध्ये आहे. दोन कामं करणाऱ्या फूटस्विचला बहुधा स्टिरिओ केबल लागते: एक तार चॅनेलची, एक रिव्हर्बची, तिसरी अर्थ. घाईत कोणी गिटारची साधी मोनो केबल लावली, तर त्या दोन तारांपैकी एक कायमची अर्थला टेकते. ती रिव्हर्बची असली, तर रिव्हर्ब कितीही वाढवा, तो बंदच. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट खाऱ्या हवेत जॅकच्या आतल्या पात्या काळवंडतात, हेही ध्यानात असू द्यावं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर केला तरी कधीकधी काम होतं.

यावर पहिला आक्षेप असा, की कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडू शकते; दोन स्वतंत्र बिघाड एकदम का होऊ नयेत? होऊ शकतात. म्हणून तर ज्याने भेद कळतो अशा खुणा आधी बघायच्या. उशीर एकाच दिशेने होतो की दोन्ही? काही ॲम्पमध्ये रिलेऐवजी एलईडी आणि प्रकाशाने रोध बदलणारा एलडीआर यांची बंद जोडी असते. उजेड पडला की एलडीआरचा रोध पटकन उतरतो, पण उजेड गेल्यावर तो चढायला वेळ घेतो. हा त्याचा स्वभाव आहे. म्हणून जाताना झटकन आणि येताना रेंगाळत असं होत असेल, तर त्या जोडीकडे बघावं. रिव्हर्बचा तिथे संबंध नसेल. रिले साधारण 5 ते 10 मिलिसेकंदांत चिकटतो, आणि तेवढा उशीर वाजवणाऱ्याला खटकत नाही. शिवाय काही कंपन्या स्विचचा टप्पकन आवाज येऊ नये म्हणून बदलाच्या वेळी आवाज क्षणभर मुद्दाम दाबतात. डिजिटल ॲम्पमध्ये प्रीसेट बदलताना पडणारी फटही पुष्कळदा रचनेचाच भाग असते. नवा असल्यापासून जे आहे ते दुरुस्तीला न्यायचं नाही.

रिव्हर्बची खूण याहून सोपी. रिव्हर्बचं बटण वाढवून ॲम्प हलकेच हलवा. स्प्रिंगांचा खडखडाट स्पीकरमधून आला, तर टँकपासून परतीचा रस्ता शाबूत आहे आणि दोष टँकला सिग्नल देणाऱ्या बाजूला आहे. काहीच आलं नाही तर परतीची केबल, टँकची आउटपुट कॉइल किंवा पुढचा टप्पा संशयित. टँक निकामी होतो, हे मी नाकारत नाही. त्याच्या कॉइलची तार केसासारखी असते आणि सोल्डरपाशी तुटते. पण ते आधी मल्टिमीटरने मोजावं, मग टँक मागवावा. आणि मागवताना त्यावरचा छापील क्रमांक जसाच्या तसा बघावा. 8 ओहम इनपुटच्या टँकच्या जागी भलत्याच ओहमचा बसवला, तर नवा टँकही मुका किंवा दुबळा राहील.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. फेंडरने 1961 साली रिव्हर्बची वेगळी पेटी काढली आणि 1963 मध्ये व्हायब्रोव्हर्ब या कॉम्बोत रिव्हर्ब आतच बसवला. त्या घराण्याच्या ॲम्पमध्ये रिव्हर्बसुद्धा ट्यूबच चालवते, तिथे 15 व्होल्टचा सप्लाय नसतो. तेव्हा माझा नियम तिथे लागू नाही हे कबूल. तिथे रिव्हर्बच्या ट्यूबवर पहिला संशय घेणं योग्यच. फेंडरच्याच ट्विन रिव्हर्बच्या जुन्या घडणीत तर नॉर्मल चॅनेलला रिव्हर्ब मुळात नव्हताच, आणि त्यालाही कोणी बिघाड समजू शकतो. म्हणून आपल्या ॲम्पचा सर्किट नकाशा आधी मिळवावा. त्यात छोटा सप्लाय दिसला तरच माझं ऐकावं.

स्वतः करण्यासारखं आहे ते इथपर्यंतच. ट्यूब ॲम्पमध्ये 400 व्होल्ट आणि त्याहून अधिकही असतात, आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटर ते धरून ठेवतात. सप्लाय मोजणं, सांधे पुन्हा सोल्डर करणं, रेझिस्टर बोर्डापासून जरा उचलून बसवणं हे जाणत्या कारागिरावर सोपवा. त्याला "ट्यूब बदला" असं सांगू नका. काय होतं, किती वेळाने होतं आणि कोणत्या दिशेने होतं तेवढंच सांगा. आणि ॲम्पबरोबर फूटस्विच व त्याची केबल न्यायला विसरू नका. ती घरी राहिली तर दुकानात ॲम्प हटकून नीट वाजतो.