अंगणातील द्राक्षवेल

कोल्ह्याला द्राक्षे आंबट, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. त्या बिचाऱ्या कोल्ह्याची आपण आजवर पुष्कळ थट्टा केली. परंतु ती द्राक्षे इतक्या उंच का लागली होती, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, त्या वेलीची कोणी छाटणी केली नव्हती. द्राक्षाचा घड नेहमी नव्या, कोवळ्या फुटीवर येतो आणि ती फूट गेल्या हंगामात पक्व झालेल्या काडीतून निघते. वेल मोकळी सोडली, की घडांची जागा दर वर्षी मुळापासून अधिक दूर आणि अधिक उंच सरकत जाते. झाडावर चढून उजेड गाठणे हा तर या वेलीचा स्वभावच आहे. तिला कोल्ह्याची किंवा तुमची-आमची सोय पाहण्याचे कारण नाही. ती सोय माळ्यानेच पाहावयाची असते.

आपल्याकडे द्राक्ष हे काही कालपरवाचे फळ नव्हे. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादेस आला होता. तेथे द्राक्षे व डाळिंबे होतात आणि त्यांची वर्षातून दोनदा पिके निघतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केले आहे. नाशिककडे भोकरी, फकडी अशा जुन्या जाती पिढ्यान्पिढ्या लावल्या जात. आज नाशिक, सांगली, सोलापूर व पुणे या जिल्ह्यांत द्राक्षांचे मोठमोठे मळे आहेत. परंतु आपल्याला येथे मळ्याचा नव्हे, घरच्या अंगणातील एका वेलीचा विचार करावयाचा आहे. आणि मळ्यात जे शोभते ते अंगणात शोभतेच असे नाही.

प्रथम जातीची निवड. बाजारात आपण जी लांबट, हिरवट-पिवळी, बिनबियांची द्राक्षे घेतो, त्यांतील बहुतेक 'थॉम्प्सन सीडलेस' या जातीच्या कुळातील असतात. या कुळाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कधी कधी एखाद्या वेलीची एकच फांदी तिच्या इतर फांद्यांहून निराळी निपजते आणि तिला वेगळ्या आकाराचे मणी येतात. चाणाक्ष बागायतदार अशी फांदी बरोबर हेरतो, तिच्या काड्या लावतो आणि नवी जात तयार होते. सांगली जिल्ह्यातील तासगावच्या परिसरात 'तास-ए-गणेश' आणि सोलापूरजवळच्या नान्नज येथे 'सोनाका' या जाती अशाच जन्मल्या. प्रयोगशाळेची पायरी न चढता केवळ डोळसपणाच्या बळावर आपल्या शेतकऱ्यांनी मिळवलेले हे धन आहे.

असे असले तरी अंगणासाठी या जाती डोळे मिटून निवडू नयेत. त्या नाजूक असतात. पाऊस पडला, धुके आले, की रोग त्यांना चटकन गाठतो. मळेवाला त्यांच्यावर वारंवार औषधे फवारतो, मणी मोठे व्हावेत म्हणून संजीवकाच्या द्रावणात घड बुडवतो, दाट घडांतील मणी कात्रीने विरळ करतो. हे सारे घरी होणे कठीण. आणि ज्या अंगणात लहान मुले खेळतात, तेथे इतकी विषारी औषधे फवारणे योग्यही नव्हे. म्हणून घरासाठी काटक जात पाहावी. 'बंगलोर ब्ल्यू' हे काळसर-निळे द्राक्ष तसे आहे. त्याच्या वंशात अमेरिकेतील रानद्राक्षाचे रक्त असल्यामुळे रोगाला ते पुष्कळसे दाद देत नाही. त्याची साल जाड असते, ती गरापासून चटकन सुटते आणि आत बिया असतात. बिया थुंकाव्या लागतात म्हणून काही जण नाक मुरडतात. पण त्याचा सुगंध एकदा घेतला, की बियांची तक्रार बरीच मवाळ होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन व युरोपीय कुळांचा संकर करून काढलेली 'एआरआय-५१६' ही जातही लवकर पिकणारी आणि बुरशीच्या रोगांना बऱ्यापैकी तोंड देणारी आहे. ज्याला बिनबियांचेच द्राक्ष हवे असेल त्याने ते अवश्य लावावे. मात्र बाजारातल्याएवढा मोठा मणी घरी मिळणार नाही, हे आधीच समजून असावे.

जागा निवडताना उन्हाला अग्रमान द्यावा. दिवसातून सहा-सात तास स्वच्छ ऊन मिळेल अशीच जागा हवी. आंब्याच्या किंवा जांभळाच्या सावलीत द्राक्षवेल जगते, हिरवीगारही दिसते, पण फळत नाही. जमीन पाण्याचा निचरा होणारी असावी. काळी चिकण माती असेल, तर दोन फूट लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम, पोयट्याची माती व कुजलेले शेणखत मिसळून भरावे. ऑक्टोबरात मळ्यांतून छाटणी होते, तेव्हा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तपकिरी रंगाच्या, चार डोळे असलेल्या पक्व काड्या सहज मिळतात. त्या पिशवीत लावून मुळ्या फुटल्या, की जानेवारी-फेब्रुवारीत रोप खड्ड्यात लावता येते. एका घराला एक वेल पुरेशी आहे.

पहिल्या वर्षी रोपाची एकच जोमदार फूट राखावी व ती बांबूला सैल बांधीत सरळ वर न्यावी. बाकीच्या फुटी खुडून टाकाव्यात. साधारण सात फूट उंचीवर तारांचा मांडव घालावा. फूट तारेपासून वीतभर खाली असताना तिचा शेंडा खुडावा. मग खालून ज्या फुटी निघतात त्यांतील दोन ठेवून त्या दोन विरुद्ध दिशांना तारेवर न्याव्यात. यांनाच बागायतदार ओलांडे म्हणतात. वेलीचा सांगाडा तो हाच. या कामात दीड-दोन वर्षे जातात आणि तोवर फळाची आशा धरू नये.

आता खरा प्रश्न येतो. सांगाडा तयार झाला, मांडव भरला, गार सावली पडली, आणि एप्रिल महिना उजाडला. या वेळी प्रत्येक काडी ओलांड्यापासून एक-दोन डोळे राखून छाटून टाकावी लागते. भर उन्हाळ्यात सारा मांडव उघडा करावयाचा! घरातील आजी हमखास म्हणते, "अरे, पोटच्या पोरासारखी वाढवलेली वेल, आणि तिच्यावर कात्री काय चालवतोस? आधी फळ तर येऊ दे!" आजीची माया खोटी नसते, परंतु तिचे ऐकले, तर मांडवावर पुढील वर्षी पानेच पाने दिसतील. कित्येक अंगणांत वर्षानुवर्षे द्राक्षवेल असूनही एक घड दृष्टीस पडत नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते.

थंड देशांत ही अडचण नाही. तेथे हिवाळ्यात वेलीची सारी पाने झडतात, ती गाढ झोपी जाते आणि वसंत ऋतूत जागी होते. तिला वर्षातून एकदा, त्या झोपेत असतानाच छाटतात. आपल्याकडे तसा कडाका पडत नाही, म्हणून वेल झोपत नाही. तिला झोपेतून उठवण्याचे काम माळ्याला आपल्या कात्रीने करावे लागते. आणि तेही असे की, फळ पावसात न सापडता कोरड्या हवेत पिकावे. म्हणून महाराष्ट्रात वेलीला वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधील छाटणीला खरड छाटणी म्हणतात. ती फळासाठी नसते, काडीसाठी असते. ऑक्टोबरातील छाटणीला गोडी छाटणी असे गोड नाव आहे. ती फळासाठी.

परंतु "ती काडीसाठी, ही फळासाठी" हे बोलणे अर्धेच खरे आहे. फेब्रुवारीत येणाऱ्या द्राक्षाचा निर्णय वस्तुतः आदल्या मे-जून महिन्यांतच होऊन जातो. खरड छाटणीनंतर फुटलेल्या कोवळ्या काडीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा तयार होत असतो. त्या मोहरीएवढ्या डोळ्याच्या आत, छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात, एक सूक्ष्म अंकुर धरतो. त्या अंकुरापुढे दोन वाटा असतात. डोळ्यावर भरपूर ऊन पडले व काडीत अन्नाचा साठा झाला, तर त्याचा घड होतो. सावली राहिली किंवा वेल नुसतीच माजली, तर त्याचा ताणा होतो; वेल ज्याने आधाराला विळखा घालते तो कुरळा दोराच. घड आणि ताणा ही अशी सख्खी भावंडे आहेत. तुम्ही एखादी वेल बारकाईने पाहिली, तर दोन्ही पानाच्या समोरच्या बाजूलाच फुटलेले दिसतील. आणि नशीब असेल, तर अर्धा ताणा व त्यालाच चार मणी, असा धेडगुजरी प्रकारही सापडेल. त्या अंकुराचा निर्णय अर्धवटच राहिला, असे समजावे!

म्हणूनच उन्हाळ्यात फुटी दाट झाल्यास काही काढून टाकाव्यात, उरलेल्यांना उजेड मिळू द्यावा, आणि त्या दिवसांत पाणी बेताचेच द्यावे. प्रेमाने बादल्याच्या बादल्या ओतणारा माळी या वेळी नकळत घडांचे ताणे करीत असतो. पावसाळ्यात हिरव्या काड्या हळूहळू तपकिरी होतात, म्हणजे त्या पक्व झाल्या.

पावसाळ्यातच रोगही येतात. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग व खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा. पानांवर राख फासल्यासारखी पूड दिसली, तर ती भुरी. केवड्यावरचे एक जुने औषध कसे सापडले, ते ऐका. फ्रान्समध्ये बोर्दो शहराच्या परिसरात रस्त्याकडेच्या वेलींवर बागवाले मोरचूद व चुना यांचे निळसर मिश्रण शिंपडीत. हेतू एवढाच, की वाटसरूंना ते विष वाटावे आणि त्यांनी द्राक्षे चोरू नयेत. सन १८८२ मध्ये तेथील विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आले, की इतर वेली केवड्याने झडल्या असताना रस्त्याकडेच्या वेलींची पाने मात्र शाबूत आहेत. त्यांनी त्यावर प्रयोग केले आणि सन १८८५ मध्ये ते मिश्रण जगापुढे मांडले. तेच बोर्डो मिश्रण. घरच्या वेलीसाठी दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद व शंभर ग्रॅम चुना पुरतो. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करतात. भांडे धातूचे नसावे. लोखंडी सुरी मिश्रणात क्षणभर बुडवावी. तिच्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजावे. हे काम मात्र वडीलधाऱ्या माणसांनीच करावे.

पाऊस ओसरला, की ऑक्टोबरात गोडी छाटणी करावी. या वेळी काडी पार खरडावयाची नसते. घड धरलेले डोळे राखून तिचा पुढचा भाग छाटतात. किती डोळे राखावेत हे जातीवर अवलंबून असते. बंगलोर ब्ल्यूला बुंध्याजवळच्या डोळ्यांतही घड येतात, तर थॉम्प्सनच्या काडीवर ते अधिक पुढे असतात. ज्याच्याकडून काडी आणली असेल, त्या मळेवाल्याला हे विचारून घेणे उत्तम. छाटलेल्या टोकांतून पाण्याचे थेंब ठिबकू लागले, तर घाबरू नये. मुळे जागी झाल्याची ती खूण आहे.

आठ-पंधरा दिवसांत डोळे फुटतात आणि कोवळ्या पानांबरोबर इवलेसे हिरवे घोस बाहेर येतात. मे महिन्यात आत काय ठरले होते, ते आता प्रथमच डोळ्यांना दिसते. द्राक्षाचे फूल उमलत नाही, ते टोपी टाकते. त्याच्या पाकळ्या वरच्या टोकाला जोडलेल्या असतात व बुडाशी सुटून सगळ्या मिळून गळून पडतात. या दिवसांत अवकाळी पाऊस आला, तर मोठे नुकसान होते. त्याला फारसा उपाय नाही.

फळ तयार होण्यास छाटणीपासून साधारण चार महिने लागतात. पुढे मणी मऊ पडू लागले, की पाणी थोडे कमी करावे आणि घडांना कागदाच्या पिशव्या बांधाव्यात. नाही तर बुलबुल आणि साळुंक्या तुमच्या आधी चव घेतील. मण्यांना रंग आला म्हणजे गोडी आली असे नव्हे. आंबा काढून अढीत घातला तर पिकतो. द्राक्ष वेलीवरून तोडले, की त्याचे पिकणे तेथेच थांबते. आंबट तोडले तर ते आंबटच राहणार. म्हणून आधी घडाच्या अगदी टोकाचा मणी खाऊन पाहावा, कारण गोडी तेथे सर्वांत शेवटी पोहोचते. तो गोड लागला, तर सकाळच्या गारव्यात देठाला धरून कात्रीने घड उतरवावा. मण्यांवरील पांढुरकी झाक नैसर्गिक मेणाची असते. खाण्यापूर्वी द्राक्षे स्वच्छ धुवावीत, मात्र आधीच चोळून पुसून ठेवू नयेत. त्या मेणामुळे ती चांगली टिकतात.

घड उतरल्यावर वेलीला तीन-चार आठवडे विसावा द्यावा. बुंध्याभोवती माती हलवून शेणखत घालावे, पाणी देत राहावे. तोवर एप्रिल येतो. कात्रीला धार लावून ठेवावी, आणि आजीला अंकुराच्या दोन वाटांची गोष्ट आधीच सांगून ठेवावी.